तीन सुरांचं गाणं अवघड कसं?

नमस्कार सर. मी लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकून वेड लागलं म्हणून दहा होलचा, सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेतला. नवशिक्यांनी काय वाजवावं असं विचारलं की बरेच जण मडी वॉटर्सच्या 'मॅनिश बॉय'मधली ती एकसारखी परत परत येणारी ओळ सांगतात. इनमिन तीन सूर! पण दिवाळीपासून बसलोय, जमतच नाही. उलट तिच्याहून कितीतरी भरभर चालणारी एक साधी धून चार-दोन संध्याकाळी हातात आली. रूममेट म्हणतो, तुला कानच नाही. एखादं गाणं आपल्याला झेपेल की नाही, हे सुरू करायच्या आधी कसं ओळखायचं?
— एक विद्यार्थी, लातूर

तुझा कान शाबूत आहे. कान नसता तर जमत नाही हे तुला कळलंच नसतं. रूममेटच्या हातात एकदा बाजा दे आणि गंमत बघ.

घोळ झालाय तो 'तीन सूर' या हिशोबात. आपल्याकडे पेटी डोळ्यांसमोर असते. जितक्या पट्ट्या कमी दाबायच्या, तितकं गाणं सोपं, असं आपण धरून चालतो. पेटीवर कोमल आणि शुद्ध, दोन्ही सूर आयते मांडून ठेवलेले असतात, म्हणून तिथं ते चालतं. दहा होलच्या बाजात अर्धे सूर मांडलेलेच नसतात. ते तोंडाने घडवावे लागतात. म्हणून सूर किती आहेत हे बघायचं नाही. त्यातले आयते किती आणि घडवायचे किती, ते बघायचं.

सी पट्टीच्या बाजावर ब्लूज वाजवताना सा धरतात तो दुसऱ्या होलमध्ये, श्वास आत ओढून. पेटीवरची पांढरी पाच. याला सेकंड पोझिशन म्हणतात, क्रॉस हार्पही म्हणतात. आता पुढचे सूर मांडून बघ. तीन ओढून शुद्ध ग. चार फुंकून म, चार ओढून प. पाच फुंकून शुद्ध ध, पाच ओढून कोमल नी. सहा फुंकून वरचा सा. यात कोमल ग दिसतो का कुठे? आणि तुझ्या त्या ओळीतले तीन सूर कोणते? सा, म आणि कोमल ग. पहिले दोन फुकटात मिळाले, तिसऱ्याने तुझी दिवाळी खाल्ली.

हा कोमल ग तिसऱ्या होलमध्ये दडलेला आहे. त्या एका होलमध्ये दोन रीड, म्हणजे धातूच्या पातळ पात्या, असतात. फुंकलं की सा वाजतो, ओढलं की शुद्ध ग. ओढता ओढता जिभेचा मागचा भाग खाली नि मागे नेला, म्हणजे तोंडात 'ई'चा आकार होता तो 'ऊ'कडे सरकवला, की दोन्ही रीड मिळून सूर खाली ओढतात. यालाच बेंड म्हणतात. कोणत्याही होलमध्ये सूर वाकतो तो त्या होलमधल्या दोन सुरांच्या मधल्या जागेत. चौथ्या होलमध्ये म आणि प आहेत, मध्ये एकच तीव्र म, त्यामुळे वाकवलं की तोच येतो. चुकायला जागाच नाही. दुसऱ्यात दोन सूर मिळतात, शुद्ध नी आणि कोमल नी. तिसऱ्यात मात्र तीन: आधी कोमल ग, मग रे, मग कोमल रे. मध्ये खूण नाही, पट्टी नाही, काही नाही. नवशिक्याच्या तोंडाला एकदा वाकवायची खुबी कळली की तो सूर धाडकन रे पर्यंत खाली नेतो. सा, म आणि रे! सगळं बरोबर वाजवूनही ओळ भलत्याच गल्लीत शिरते आणि आपलं काय चुकतंय ते उमगत नाही. तुझं हेच होत असणार, असं मी पैजेवर सांगतो.

यावर उपाय पेटीचा. माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते, तिला मी पेटीची काळी पाच दाबून धरायला लावतो आणि तिसरं होल हळूच ओढायला सांगतो. सुरुवातीला तिचा सूर वर असतो आणि दोन्ही आवाजांच्या मध्ये भराभर घरघर ऐकू येते. सूर खाली येऊ लागला की घरघर संथ होते, लाटेसारखी लांबते आणि एका जागी साफ थांबते. तो कोमल ग. आणखी खाली गेलं की घरघर परत सुरू. त्या क्षणी तिचे गाल आत गेलेले असतील तर मी थांबवतो. गाल आवळून सूर वाकवायची सवय लागली की तो टिकत नाही. जीभ आणि घसा काम करतात, गाल नाही. पेटी जुनी, उतरलेली असेल तर फोनवरचा तानपुरा लाव, पण समोर कोणता तरी पक्का सूर वाजत राहिला पाहिजे.

एक सवलत सांगून ठेवतो. ब्लूज गाणारे ग नेमका कोमलवर ठेवतातच असं नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठे तरी लोंबतो, आणि सगळा रंग तिथेच असतो. त्यामुळे तुझा सूर जरा वर राहिला तर कुणी हरकत घेणार नाही. कोमलच्या खाली गेला तर मात्र माफी नाही.

आता तुझा खरा प्रश्न. गाणं निवडलं की बाजा आधी खिशात ठेव आणि ते तोंडाने गुणगुण. गुणगुणता येत नसेल तर अडचण होलची नाहीच. मग गाण्याची पट्टी शोध. माझं जुनं गणित असं: गाण्याच्या सा चा जो शुद्ध मध्यम, ती बाजाची पट्टी. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर सी चा बाजा, ई मध्ये असेल तर ए चा, ए मध्ये असेल तर डी चा. तुझ्याकडे एकच सी चा असला तरी बिघडत नाही. होल तीच, फक्त मूळ रेकॉर्डबरोबर वाजवता येणार नाही. 'मॅनिश बॉय' मुळात ए मध्ये आहे, तेव्हा रेकॉर्ड लावून तू झगडत असशील तर तेही कारण असू शकतं.

मग वहीत एकेक ओळ होलच्या आकड्यांनी लिहून काढ आणि वाकवायच्या सुराभोवती लाल गोल कर. गोल किती झाले हे मोजून थांबू नकोस, त्या जागी काय घडतं ते बघ. वरच्या सुरावरून घसरत वाकलेल्या सुरावर येऊन लगेच पुढे जायचं असेल तर तो गोल हलका. घसरणीत थोडं इकडेतिकडे झालं तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. पण एखादा वाकवलेला सूर कोऱ्या श्वासावर थेट पकडायचा असेल, किंवा त्याच्यावर दोन-चार मात्रा उभं राहायचं असेल, तर तो गोल जड. 'मॅनिश बॉय'मध्ये कोमल ग नेमका थेट पकडावा लागतो आणि ती ओळ गाणं संपेपर्यंत येत राहते. ती सोडून गाणं वाजवायची सोयच नाही. म्हणून मी गाण्याची अवघडता मोजतो ती गाळता न येणाऱ्या सर्वांत वाईट जागेवरून. बाकीचं गाणं कितीही गोजिरवाणं असो.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. सेकंड पोझिशनच्या ओळी बहुतेक ओढायच्याच असतात. ओढ, ओढ, ओढ. फुफ्फुसं भरतात आणि चौथ्या ओळीला जीव कासावीस होतो. गाणं संथ असलं की हाल जास्त. म्हणून भरभर वाजणारी ती साधी धून तुला सोपी गेली. तिच्यात फुंकणं-ओढणं आलटून-पालटून असणार, श्वासाचा जमाखर्च आपोआप जुळला. संथ ब्लूज म्हणजे नवशिक्याचं गाणं, असं कुणी म्हणालं तर त्याला ते बसून वाजवून दाखवायला सांग. वहीत ओळीखाली फक्त 'ओ' आणि 'फुं' लिहीत जा. सलग सात-आठ 'ओ' आले तर हवा सोडायची जागा कुठे आहे ते शोध. नाकाने सोडता येते, पण ती विश्रांती गाण्यातच असावी लागते.

बरं, रेकॉर्ड ऐकून अंदाज बांधायचा तर कान फसतो, दोन्ही बाजूंनी. लिटल वॉल्टरचं १९५२ चं 'ज्यूक' ऐकून माणूस हबकतो. पण सुरुवातीची ती चढत जाणारी ओळ शेजारशेजारच्या होलांतून वर जाते, वाटते तितकी जहरी नाही. पुढचे फेरे, तो भरीव आवाज आणि जिभेचं काम हा वर्षांचा मामला आहे, पण पहिली ओळ तुला पावसाळ्यापर्यंत जमायला हरकत नाही. याच्या उलट जिमी रीड. ऐकताना वाटतं, किती भोळाभाबडा माणूस, आपणही वाजवू. पण त्याच्या कितीतरी गाण्यांत बाजा साध्या फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे बाजाची पट्टी तोच सा, आणि सूर वरच्या टोकाला, आठ-नऊ-दहा होलवर. तिथं ओढून नाही, फुंकून वाकवायचं असतं. रीड इंचभरही लांब नाहीत, जरा जोर लावला की गप्प होतात. माझ्याकडच्या पोरांना मी त्या टोकाला वर्षभर फिरकू देत नाही.

आणि हे 'नवशिक्यांसाठी' म्हणून सांगणारे कोण असतात? ज्यांना बेंड केव्हाच येतो ते. त्यांना तो गोल दिसतच नाही. तुला मात्र दिसतो, तेव्हा तुझ्या वहीवर जास्त भरवसा ठेव.

सध्या काय करायचं? 'मॅनिश बॉय' बाजूला ठेव, सोडू नकोस. चौथ्या होलचा बेंड आधी पक्का कर. मग गाण्यातली बाजाची करामत सोडून गायकाची ओळ वाजव. गायकाची ओळ जवळजवळ नेहमीच सोपी असते, कारण माणसाला मध्ये शब्द म्हणायचे असतात. दुसऱ्या होलचा साध्या श्वासाचा सा जर बसका, घोगरा येत असेल तर बाजा बदलून द्या म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. नव्या माणसाचं तोंड नकळत तो सूर वाकवत असतं. जबडा सैल सोड, जांभई येताना सुटतो तसा, आणि ओठ बाजावर खोल घे.

मी सेलूकडचा. गावच्या भजनी मंडळात पेटी धरतो, थोडा पखवाजही. मुलाने माउथ ऑर्गन आणून दिलाय, दहा होलचाच. सूर-ताल तर येतोच, मग नवशिक्यांची गाणी टाळून थेट मधल्या पायरीवरून सुरुवात केली तर? अभंगही त्याच्यावर वाजवायचे मनात आहे.
— एक भजनकरी, सेलू

राम राम माउली. तुमचं निम्मं काम झालेलं आहे यात शंका नाही. वर त्या पोराला पेटीवर सूर जुळवायला सांगितलं, ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. धानी तुमच्या कानात असेल: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. त्यात म आणि प च्या मध्ये तीव्र म चा निसटता स्पर्श घाला, की ब्लूजची सुरावट झाली. ब्लूजला रे फारसा लागत नाही आणि खालच्या सप्तकात तो बाजावर आयता नाही. दोघांचं जमतं ते असं.

अभंगांना मात्र रे हवाच. म्हणून सेकंड पोझिशनमध्ये अभंग धरलात तर ब्लूजपेक्षा तेच अवघड जातील. तिसऱ्या होलमधला तो मधला रे शोधता शोधता 'विठ्ठल' राहील बाजूला. अभंगाला चौथ्या होलचा फुंकलेला सूर सा धरा. तिथून सातव्या होलपर्यंत सगळे शुद्ध सूर सरळ मिळतात: चार, पाच, सहा होल फुंकून-ओढून आणि सातव्यात आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा. शुद्ध सुरांची चाल असेल तर कसलीही मारामार नाही. कोमल सुरांची असेल तर ती पेटीवरच बरी.

तालाबद्दल थोडं सबुरीने घ्या. एक बार म्हणजे चार मात्रा, तेव्हा बारा बारचा ब्लूज म्हणजे बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनं, हिशोब अगदी चोख बसतो. पण चाल वेगळी. प्रत्येक मात्रेचे तीन भाग पाडून पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला रिकामा. टाळाची सवय झालेला हात मात्रेचे दोन सारखे भाग करतो आणि सगळं ताठ वाजतं. हात दादऱ्याच्या अंगाने सैल सोडा.

आणि ही मेख ध्यानात ठेवा. आपल्याकडे सा सुटत नाही. ब्लूजमध्ये पाचव्या बारला खालचा आधारच मध्यमावर जातो, सातव्याला परत येतो, नवव्याला पंचमावर जातो. पाचव्या बारमध्ये तुम्ही तिसरं होल ओढून शुद्ध ग धरून बसलात तर तो खटकतो, भले तुमचा सूर कितीही लागलेला असो. म्हणून एखादं गाणं जोखताना हेही बघा: पाचव्या बारला बाजाची ओळ तीच राहते की बदलते? तीच राहत असेल तर तुम्हाला लगेच जमेल. बदलत असेल तर मुलाला गिटारवर सा, म आणि प चे ते तीन कॉर्ड नुसते वाजवायला लावा आणि तुम्ही बारा बार बोटांवर मोजा, बाजाला हात न लावता. पखवाज्याला हे काही नवीन नाही. मधल्या पायरीवरून सुरुवात करायला माझी ना नाही, फक्त श्वासाची पायरी कुणालाच चुकत नाही.

माझा मुलगा सहावीत आहे. घरात सासऱ्यांचा चोवीस होलचा टॉवर कंपनीचा माउथ ऑर्गन आहे. त्याच्यावर ब्लूज शिकता येईल का, की नवा घ्यावा लागेल?
— एक आई, नांदेड

ताई, तो ट्रेमोलो. त्याच्यात एका सुरासाठी दोन रीड असतात, एक किंचित वरचढ लावलेला, म्हणून तो थरथरणारा गोड आवाज येतो. आमच्या ऑर्केस्ट्राच्या काळात लोकांना माउथ ऑर्गन म्हटलं की तोच आवाज हवा असायचा. सिनेमातली गाणी, प्रार्थना, सगळं त्याच्यावर छान वाजतं. ब्लूज नाही. सूर वाकवायला फुंकायचा आणि ओढायचा रीड एकाच कप्प्यात लागतो आणि ट्रेमोलोत प्रत्येक रीडला वेगळा कप्पा असतो. पोरगं गाल दुखेपर्यंत ओढत बसेल आणि सूर जागचा हलणार नाही.

सध्या आजोबांच्याच बाजावर दोन-तीन गाणी वाजवू द्या. टिकला तर मग दहा होलचा, सी पट्टीचा घ्या. जी चा नको, त्याचे रीड लांब आणि मंद. एफ चा त्याहून नको. आणि घेताना प्लॅस्टिकच्या कोंबचा (कोंब म्हणजे बाजाचा मधला, कप्प्यांचा सांगाडा) घ्या. लाकडी कोंबचे बाजे नामी असतात, होनर कंपनीचा मरीन बँड १८९६ पासून चालत आलाय, पण लाकूड थुंकीने फुगतं आणि पोरांना फुंकून वाळवायची सवय नसते.

मी रेल्वेतून निवृत्त झालो, पूर्णेला राहतो. माउथ ऑर्गनवर वाजवलेली आगगाडी ऐकली आणि तीच शिकायची इच्छा झाली. बेंड वगैरे काही येत नाही. हे नवशिक्याचं काम आहे का?
— एक वाचक, पूर्णा

हे वाचून बरं वाटलं. हो, आहे. डीफोर्ड बेलीने १९२७ मध्ये 'पॅन अमेरिकन ब्लूज' म्हणून जी गाडी वाजवली ती कुणाच्याही आवाक्यातली नाही, ती फक्त ऐकायची. पण गाडी स्टेशनातून सुटताना जी धापा टाकते, तिला एकही सूर घडवावा लागत नाही. पहिली तीन होल एकदम तोंडात घ्या. दोनदा ओढा, दोनदा फुंका. पहिल्या ओढीवर जरा जोर. इतकंच. तोंडाने 'ओढ-ओढ-फुंक-फुंक' म्हणत पायाने ठेका धरा.

वर सांगितलेली श्वासाची अडचण इथं नाही, कारण जितकं घेता तितकंच सोडता. म्हणून नव्या माणसाला गाण्याच्या आधी मी गाडीच देतो. त्याने श्वास लांबतो आणि ओठ जागेवर बसतात. शिट्टीला चार आणि पाच होल एकत्र ओढा आणि बाजावरचा उजवा पंजा हळूच उघडा-मिटा. तुम्ही वाफेची इंजिनं पाहिलेली असतील, ती कशी शिट्टी द्यायची ते मी तुम्हाला सांगायला नको.

वेग वाढवायची घाई करू नका. जलद गाडीत लोक फुंकायचा वाटा अर्धाच ठेवतात, छाती भरत जाते आणि गाडी सिग्नलच्या अलीकडेच उभी राहते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर बाजा खाली ठेवायचा. आणि हे जेवणाआधी करा, भरल्या पोटी नको.